नजात कशाने? ख्रिस्ती शेजारी आणि आपण



"ती ख्रिश्चन नाही, कॅथलिक आहे," हे वाक्य आपल्या घरांत सहज बोलले जाते, जणू हे दोन वेगळे धर्म आहेत. दुसरे वाक्य, "ते लोक तीन खुदा मानतात." आणि तिसरे, "त्यांचे बरे आहे, फादरला जाऊन सांगितले की गुनाह माफ!" मुले ही वाक्ये ऐकतात आणि शाळेत शेजारच्या बाकावरच्या मित्राला जशीच्या तशी ऐकवतात. तो मित्र म्हणतो, "आम्ही असे मानतच नाही." मग आपले मूल गोंधळते. घरी सांगितलेली एक गोष्ट चुकीची निघाली की बाकीच्या गोष्टींवरही त्याचा विश्वास डळमळू लागतो.

अहले किताबशी म्हणजे ज्यांना आपल्या आधी आसमानी किताबे दिली गेली त्यांच्याशी कसे बोलावे, हे कुरआनने शिकवले आहे. सूरह अनकबूतच्या ४६व्या आयतीचा आशय असा की, त्यांच्यातील अन्याय करणारे सोडले तर इतरांशी उत्तम पद्धतीनेच चर्चा करा आणि आमचा व तुमचा माबूद एकच आहे हे त्यांना सांगा. उत्तम पद्धतीची पहिली पायरी म्हणजे समोरचा जे मानतो तेच त्याच्या नावावर मांडणे. म्हणून या महिन्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि आपण, या तिघांना तीन प्रश्न विचारू या. ईश्वर कोण? माणसाचे बिघडले काय? आणि त्याची सुटका कशाने?

कॅथलिक म्हणजे कोण?

ख्रिस्ती हा धर्म आहे आणि कॅथलिक हा त्यातला सर्वांत मोठा पंथ. प्रत्येक कॅथलिक ख्रिस्ती असतो, पण प्रत्येक ख्रिस्ती कॅथलिक नसतो. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपल येथील चर्चमध्ये फूट पडली. पूर्वेकडचे लोक ऑर्थोडॉक्स म्हणून ओळखले जाऊ लागले आणि रोमच्या पोपना प्रमुख मानणारे कॅथलिक राहिले. पुढे १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथर या धर्मगुरूने चर्चच्या कारभाराविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्या चळवळीतून प्रोटेस्टंट पंथ निघाले. ते पोपना प्रमुख मानत नाहीत आणि त्यांचे धर्मगुरू लग्न करू शकतात.

आपल्या महाराष्ट्रात दोन्ही आहेत. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडे होती. तिथला ख्रिस्ती समाज प्रामुख्याने कॅथलिक आणि मराठी बोलणारा आहे. बायबल सोप्या मराठीत आणणारे आणि २०२० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबई, अहमदनगर भागात प्रोटेस्टंट मंडळ्या उभ्या केल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या परंपरेतले. १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.

ईश्वर कोण?

आधी जे समान आहे ते पाहू. सृष्टीचा निर्माता एक आहे, त्याने नबी पाठवले, फरिश्ते आहेत, मेल्यानंतर पुन्हा उठायचे आहे आणि हिशेब द्यायचा आहे, हे तिघेही मानतात. हजरत इब्राहीम (अ.स.) आणि हजरत मूसा (अ.स.) तिघांनाही आदरणीय आहेत.

आता फरक. ख्रिस्ती लोक "ईश्वर तीन आहेत" असे म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की ईश्वर एकच आहे, पण त्या एका ईश्वरात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत. मराठी ख्रिस्ती याला त्रैक्य म्हणतात. येशू हे त्यातील पुत्र असून ते पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मानव आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. हे शब्द एका दिवसात ठरले नाहीत. एरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा निर्माण केलेला आहे, तो पित्यासारखा अनादी नाही. त्यावर मोठा वाद झाला. ३२५ साली निकिया येथे धर्मगुरूंची परिषद भरली आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे तिने ठरवले. ३८१ सालच्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीची श्रद्धा त्यात अधिक स्पष्ट केली. या बाबतीत कॅथलिक आणि मुख्य प्रोटेस्टंट चर्च यांच्यात फरक नाही.

फरक आहे तो हजरत मरयम (अ.स.) यांच्या बाबतीत. कॅथलिक लोक त्यांना फार मान देतात आणि "आमच्यासाठी प्रार्थना करा" अशी विनंती त्यांच्याकडे करतात. इबादत मात्र फक्त ईश्वराची, असे त्यांच्या चर्चची अधिकृत शिकवण सांगते. प्रोटेस्टंटांना अशी विनंती करणेही मान्य नाही.

इस्लामचे उत्तर सूरह इख्लासच्या चार छोट्या आयतींत आहे. अल्लाह एक आहे, कोणावर अवलंबून नाही, त्याला अपत्य नाही, तो कोणाचे अपत्य नाही आणि त्याच्या बरोबरीचे कोणी नाही. सूरह निसाच्या १७१व्या आयतीत अहले किताबला स्पष्ट सांगितले आहे की तीन म्हणू नका. म्हणजे एका ईश्वरात तीन व्यक्ती, ही मांडणी आपल्याला मान्य नाही. हे नम्रपणे सांगावे, पण लपवू नये.

त्याच वेळी मुलांना हेही ठाऊक हवे की हजरत ईसा (अ.स.) यांच्यावर ईमान ठेवल्याशिवाय आपले ईमान पूर्ण होत नाही. ते पित्याविना जन्मले, ते मसीह आहेत, अल्लाहच्या हुकमाने त्यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली आणि मेलेल्यांना उठवले, हे कुरआन सांगतो. संपूर्ण कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरयम (अ.स.), आणि १९वी सूरह त्यांच्याच नावाची आहे. शाळेतल्या मित्राला ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

माणसाचे बिघडले काय?

हा दुसरा प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही, पण खरी फाट इथेच फुटते. ईसा (अ.स.) यांच्याविषयीचा मतभेद सर्वांना दिसतो. तो एवढा महत्त्वाचा का ठरतो, ते या प्रश्नाने कळते.

ख्रिस्ती शिकवणीनुसार आदमने आज्ञा मोडली तेव्हा बिघाड फक्त त्याच्यात झाला नाही, तर सगळ्या मानवजातीत उतरला. याला ते मूळ पाप म्हणतात. संत ऑगस्टिन (३५४ ते ४३०) यांनी ही मांडणी पश्चिमेकडे पक्की केली. अर्थ असा की माणूस जन्मतःच ईश्वरापासून तुटलेला आहे आणि स्वतःच्या बळावर तो परत जोडला जाऊ शकत नाही. म्हणून ईश्वराने स्वतः पाऊल उचलले. पुत्र मानव झाला, त्याने क्रुसावर बलिदान दिले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. त्या बलिदानाने जी सुटका मिळते तिला मराठी ख्रिस्ती तारण म्हणतात.

इस्लाम सांगतो, आदम (अ.स.) आणि हव्वा यांच्याकडून चूक झाली, त्यांनी माफी मागितली आणि अल्लाहने तौबा कबूल केली (सूरह बकरा, ३७). ते प्रकरण तिथेच संपले. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, ही गोष्ट कुरआनने एकापेक्षा अधिक ठिकाणी सांगितली आहे (सूरह अनआम, १६४, सूरह फातिर, १८). हदीसनुसार प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे निर्मळ स्वभावावर जन्माला येते. माणूस दुबळा आहे, विसराळू आहे, सैतान त्याला फसवतो. पण तो जन्माने गुन्हेगार नाही.

एकदा हे समजले की पुढचे आपोआप उलगडते. ज्यांच्या मते आजार वारशाने आला आहे, त्यांना त्यावर बाहेरून आलेला तारणारा हवा. ज्यांच्या मते आजार आपणच ओढवून घेतला, त्यांना मार्गदर्शन हवे आणि माफ करणारा रब्ब हवा. ख्रिस्ती श्रद्धेची सारी इमारत क्रुसावर उभी आहे. आपण सूरह निसाच्या १५७व्या आयतीनुसार ईसा (अ.स.) यांना क्रुसावर मारले गेले असे मानत नाही, आणि आपल्या नजातीच्या शिकवणीला त्या घटनेची गरजही पडत नाही.

सुटका कशाने?

तिसऱ्या प्रश्नावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातही मोठा वाद झाला.

कॅथलिक म्हणतात, तारण ईश्वराच्या कृपेने मिळते. ती कृपा ख्रिस्ताने स्थापन केलेल्या चर्चमधून, सात संस्कारांच्या द्वारे माणसापर्यंत पोहोचते. बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेतला जातो. मोठे पाप झाले तर धर्मगुरूसमोर ते कबूल करावे लागते. आपल्याकडचे ते तिसरे वाक्य इथे तपासून पाहा. कॅथलिक शिकवणीत नुसते सांगून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, नुकसान केले असेल तर भरपाई हवी आणि सांगितलेले प्रायश्चित्त करायला हवे. माफ करणारा ईश्वरच, धर्मगुरू त्याच्या वतीने ती माफी जाहीर करतो, असे ते मानतात. कृपेत मरण आले पण पूर्ण शुद्धी झाली नव्हती अशा आत्म्यांना स्वर्गापूर्वी शुद्धीच्या अवस्थेतून जावे लागते, अशीही त्यांची श्रद्धा आहे. म्हणून २ नोव्हेंबरला ते आपल्या मयतांसाठी विशेष प्रार्थना करतात.

लूथरचा संताप याच ठिकाणी झाला होता. पापाची शिक्षा कमी झाल्याची पत्रे त्या काळी पैसे घेऊन दिली जात होती. त्याने ठामपणे सांगितले की तारण केवळ श्रद्धेने आणि केवळ कृपेने मिळते, आणि धर्माचा अंतिम आधार केवळ बायबल आहे. प्रोटेस्टंटांच्या मते सत्कर्मे हे तारणाचे फळ आहे, त्याची किंमत नव्हे. माणूस आणि ईश्वर यांच्यात ख्रिस्ताशिवाय दुसरा मध्यस्थ नाही. कॅथलिक चर्चनेही ट्रेंटच्या परिषदेत (१५४५ ते १५६३) त्या पैशाच्या व्यवहारातील गैरप्रकारांचा निषेध केला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी तर जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस आपल्या पुण्याईमुळे नव्हे तर ईश्वराच्या कृपेने स्वीकारला जातो, हे दोघांनी मिळून मान्य केले. म्हणजे "कॅथलिक कर्म मानतात आणि प्रोटेस्टंट श्रद्धा मानतात" असे सरळसोट सांगणेही बरोबर नाही.

आता आपले. इस्लाममध्ये नजातीसाठी ईमान आणि नेक अमल ही जोडी कुरआनात पुन्हा पुन्हा एकत्र येते. गुनाह झाला तर बंदा थेट अल्लाहकडे वळतो. त्याला ना पाद्री लागतो, ना मौलवी, ना ठरावीक जागा. रात्रीच्या अंधारात, स्वयंपाकघरात, बसच्या रांगेतही तौबा होते. सूरह जुमरची ५३वी आयत गुनाहगारांना अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका असे सांगते. मात्र शिर्क करीत, तौबा न करता जो मेला त्याला माफी नाही (सूरह निसा, ४८). शफाअत आहे, पण अल्लाहच्या परवानगीशिवाय कोणीही ती करू शकत नाही, हे आयतुल कुर्सी सांगते.

पण आपणही "इस्लाम म्हणजे फक्त अमलांचा हिशेब" असे समजू नये. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहात हदीस आहे की कोणीही केवळ आपल्या अमलाच्या जोरावर जन्नतमध्ये जाणार नाही. सहाबांनी विचारले, तुम्हीही नाही? प्रेषित (स.) यांनी सांगितले, मीही नाही, अल्लाहने आपल्या रहमतीत घेतल्याशिवाय. अमल करायचेच आहेत, कारण तो हुकूम आहे. भरवसा मात्र अमलांवर नव्हे, रहमतीवर ठेवायचा आहे.

आरसा आपल्याकडे वळवू या

तुलना करताना माणूस आपल्या बाजूचे उत्तम आणि दुसऱ्याच्या बाजूचे हिणकस उचलतो. कुरआनने ही वाट बंद केली आहे. सूरह निसाच्या १२३व्या आयतीचा आशय असा की फैसला ना तुमच्या इच्छांवर होणार, ना अहले किताबच्या इच्छांवर. जो वाईट करील त्याला त्याचा बदला मिळेल. या आयतीत मुसलमानांचा उल्लेख आधी आहे, हे लक्षात घ्या.

फादरला सांगितले की गुनाह माफ, असे आपण हसत म्हणतो. पण आपल्यात काय चालते? आम्ही अमुक खानदानाचे, अमुक हजरतांचे मुरीद, आमची काळजी नाही, असे म्हणणारे आहेत. प्रेषित (स.) यांनी आपल्या लाडक्या लेकीला, हजरत फातिमा (रजि.) यांना सांगितले होते की अल्लाहसमोर मी तुझ्या काही कामी येऊ शकणार नाही. मग आपण कोणत्या नात्याच्या भरवशावर बसलो आहोत? वर्षभर बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवायचा आणि शबे बरातला एक रात्र जागून सगळे धुतले गेले असे मानायचे, ही तरी कोणती तौबा? हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, ते त्या माणसाला परत केल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. मुस्लिमच्या हदीसमध्ये दिवाळखोर कोण हे सांगितले आहे. कयामतच्या दिवशी तो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली, कोणावर तोहमत घेतलेली, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याच्या नेक्या त्या लोकांत वाटल्या जातील. त्या संपल्या की त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील.

जन्नतचा निकाल कोण देणार?

मुले शेवटी हा प्रश्न विचारतातच: "माझी मैत्रीण खूप चांगली आहे. ती जन्नतमध्ये जाणार नाही का?" घाईने हो किंवा नाही म्हणू नका.

आपला दीन सांगतो की अंतिम पैगाम आल्यानंतर नजातीचा मार्ग इस्लाम आहे. त्याचबरोबर सूरह बनी इस्राईलची १५वी आयत सांगते की रसूल पाठवल्याशिवाय अल्लाह अजाब देत नाही. इमाम गजाली (रह.) यांनी फैसलुत्तफरिका या ग्रंथात यावर विचार केला आहे. ज्यांनी प्रेषित (स.) यांचे नावच ऐकले नाही, त्यांना ते मोकळे धरतात. आणि ज्यांनी नाव ऐकले पण लहानपणापासून खोट्या आणि विकृत रूपातच ऐकले, त्यांनाही ते त्याच गटात ठेवतात. ज्यांच्यापर्यंत खरे चित्र पोहोचले आणि तरीही ज्यांनी ते धुडकावले, त्यांचीच गोष्ट वेगळी.

कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत असेच काहीसे म्हटले आहे. ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात, त्यांना तारण मिळू शकते, असे त्या परिषदेचे म्हणणे आहे. २८ ऑक्टोबर १९६५ च्या तिच्या दस्तऐवजात एका ईश्वराची उपासना करणाऱ्या मुसलमानांचा आदराने उल्लेख आहे.

गजालींचे म्हणणे वाचल्यावर मैत्रिणीविषयीचा प्रश्न आपल्यावरच उलटतो. तिने इस्लामविषयी जे ऐकले आणि पाहिले, ते कोणाकडून? आपल्याकडूनच ना? आपण भाड्याचे पैसे बुडवले, दुकानात माप मारले, इमारतीच्या जिन्यात भांडलो, तर तिच्यापर्यंत कोणता दीन पोहोचला? तिचा हिशेब अल्लाह घेईल. तिच्यासमोर आपण काय ठेवले, याचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

घरात काय सांगावे?

नबुव्वतच्या पाचव्या वर्षी काही मुसलमान मक्केतून हिजरत करून हबशाला गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशचे दूत त्यांना परत मागायला आले, तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरयमच्या सुरुवातीच्या आयती ऐकवल्या. राजा रडला. दुसऱ्या दिवशी दूतांनी डाव टाकला की हे लोक ईसांविषयी भलतेच बोलतात. आसरा जाण्याची भीती होती. तरी जाफर (रजि.) यांनी गोलमाल उत्तर दिले नाही. ईसा (अ.स.) अल्लाहचे बंदे, रसूल, त्याचा कलिमा आणि त्याच्याकडून आलेली रूह आहेत, हेच सांगितले. नजाशीने त्यांना परत दिले नाही. आपल्या मुलांना यातून दोन्ही गोष्टी शिकवता येतात. समोरच्याला खूश करण्यासाठी अकीदा बदलायचा नाही, आणि अकीदा सांगताना समोरच्याचा अपमान करायचा नाही.

या महिन्यात एवढे करा. एका संध्याकाळी सर्वांनी मिळून सूरह मरयम मराठी किंवा उर्दू तर्जुम्यासह वाचा आणि शेवटी सूरह इख्लास वाचा. मुलांना सांगा: ख्रिस्ती आणि आपण एकाच निर्मात्याला हाक मारतो. ईसा (अ.स.) आपले नबी आहेत, ईश्वर किंवा ईश्वरपुत्र नाहीत. कोणी जन्मतः गुनाहगार नसतो. तौबेसाठी मध्ये कोणी लागत नाही, पण कोणाचा हक्क मारला असेल तर आधी तो परत करावा लागतो. आणि जन्नतच्या किल्ल्या आपल्या हाती दिलेल्या नाहीत.

मग मोठ्यांनी मुले झोपल्यावर एकमेकांना विचारावे, आपल्याकडे कोणाचे काय द्यायचे राहिले आहे?

अल्लाह आपल्या सर्वांना खऱ्या तौबेची तौफीक देवो आणि आपल्या रहमतीने नजात देवो. आमीन.